चवळीचे वडे, शंकरपाळे आणि आगेगेचा पाव



लंडनहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची शेजारीण मूळची नायजेरियाची, हाताला चव उत्तम. दोघींच्या मनात आहे की पश्चिम आफ्रिकेकडच्या पदार्थांची एक छोटी बेकरी काढावी. ‘सुरुवात पावापासून करावी का?’ असं त्या विचारतात. शेजारणीने वर्षानुवर्षं साठवलेले पैसे यात जायचे आहेत, तेव्हा उत्तर जपूनच द्यायला हवं.

माझं मत विचाराल तर पाव सगळ्यांत शेवटी.

लागोस शहरात ‘आगेगे पाव’ घरोघरी खातात. पांढरा, किंचित गोड, ओढला तर ताणला जाणारा. आगेगे हे तिथलं उपनगर, त्यावरून हे नाव. तिकडे पावाचा धंदा वाढवला तो एमॉस शॅकलफर्ड या जमैकाच्या गृहस्थांनी. १९१३ साली ते रेल्वेतल्या नोकरीसाठी नायजेरियात आले आणि १९२१ मध्ये त्यांनी लागोसमध्ये बेकरी काढली. म्हणजे हा पाव काही फार पुरातन नव्हे. पण उसळीसारख्या शिजवून घोटलेल्या, वर झणझणीत तिखट तेल घातलेल्या कडधान्याबरोबर तो तिथे असा काही रुळला आहे, की आपल्या उसळ-पावाची आठवण यावी!

अडचण अशी की, त्या पावाचं भिजवलेलं पीठ दोन रुळांमधून पुन्हा पुन्हा दाबून काढावं लागतं, तेव्हा तो घट्ट आणि तरी मऊ होतो. लाटण्याने चार पाव होतील, चाळीस नाही. पुन्हा रोजचा पाव म्हटला की भाव बेताचाच ठेवावा लागतो. पेकहॅमसारख्या नायजेरियन वस्तीच्या भागात तो दुकानांत तयार मिळतो, त्यांच्याशी तुमची स्पर्धा. आणि हो, पाव फुलावा म्हणून पोटॅशियम ब्रोमेट वापरा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ब्रिटनमध्ये आणि नायजेरियात त्यावर बंदी आहे, आपल्याकडेही २०१६ पासून आहे.

मग सुरुवात कशाने? चिन-चिनने. नाव ऐकून दचकू नका, हे आपले शंकरपाळेच! अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लोणी, एक अंडं, अर्धं जायफळ किसून, चिमूटभर मीठ. दुधात घट्ट भिजवायचं, लाटून बारीक चौकोन कापायचे आणि मंद तळायचे. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे सहज टिकतात. नव्या धंद्यात हे टिकणं फार मोलाचं, बरं का. सोमवारी नाही खपलं तर शनिवारी खपेल. फेकावं लागत नाही.

पफ-पफ म्हणजे यीस्ट घालून फुगवलेल्या सैलसर पिठाचे गोड, गोल भजे. घानात त्यांना बोफ्रोट म्हणतात. ते गरमच छान, तेव्हा फक्त ऑर्डरप्रमाणे करावेत.

आणि अकारा! खरा वारसा हाच. चवळी भिजत घालून सालं चोळून काढायची, कांदा-मिरचीबरोबर वाटायची आणि हात भरून येईपर्यंत फेसायची. सोडा नाही, काही नाही, नुसत्या फेसण्याने वडा हलका होतो. गुलाम करून ब्राझीलला नेलेल्या बायकांनी हा वडा तिकडेही नेला. बाहियात तो ‘अकाराजे’ झाला. तो विकून कित्येकींनी पै-पै जमवली आणि स्वतःची सुटका विकत घेतली. २००५ मध्ये ब्राझील सरकारने या विक्रेत्या बायकांच्या व्यवसायाची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. बेकरीत तळणीचा पदार्थ कसा, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. शनिवारी सकाळी दाराशी कढई ठेवता आली तर गिऱ्हाईक वासावर येईल.

या भगिनींचा हातही यात लागू शकतो. आपली बाजरी मूळची पश्चिम आफ्रिकेचीच; चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथे ती पिकवू लागले. चवळीही आफ्रिकेचीच. तेव्हा बाजरीची नानकटाई या दुकानात परकी नाही. मात्र बाजरीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून थोडा मैदा मिसळा, नाहीतर भुगा होईल.

सरकारी बाजू सोपी आहे. विक्री सुरू करण्याआधी २८ दिवस स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करायची, तिला पैसे पडत नाहीत. आधीच पुडीत भरून ठेवलेल्या मालावर सगळे घटक छापायचे आणि गहू, अंडं, दूध ठळक करायचं. २०२१ पासून तिथे हा कायदा आहे.

हिशेबाच्या वहीत दोघींची मजुरी पहिल्या दिवसापासून लिहा. चवळीची सालं काढण्यात गेलेला तासही त्यात आला पाहिजे. शेजारणीचे पैसे आणि तुमचे पैसे वेगळ्या रकान्यांत मांडा. मैत्री आहे म्हणून ते तोंडी ठेवू नका.

जागेचं भाडं किती, ते पत्रात लिहिलेलं नाही. ते कळवा, म्हणजे डब्याचा भाव काढता येईल.