शोभतं म्हणजे काय रे?

दोस्तहो, रंगाचे नवे जोशी आलेत. आरशापुढं बसवतात, हनुवटीखाली एकेक कापड धरतात, तोंड उजळतं की मलूल पडतं ते बघतात आणि ऋतू हातात देतात : वसंत, उन्हाळा, पानगळ नाहीतर हिवाळा. कापडावरचा उजेड तोंडावर पडतो, हे खरंच. पण १९८० साली अमेरिकेत कॅरोल जॅक्सनच्या ‘कलर मी ब्युटिफुल’नं याचा बाजार मांडला, तेव्हा गोऱ्यांना चारी ऋतू वाटले, आफ्रिका-आशियाची बहुतेक माणसं एकट्या हिवाळ्यात कोंबली. म्हणजे काळ्याला एकच खोली!

मी गोदीत माल उचलतो. सिमेंट आलं की राखाडी, गंधक आलं की पिवळा. माझा ऋतू मुकादम ठरवतो.

‘तुला हे शोभत नाही’ हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय. मनूनं चांडाळाला मढ्यावरची वस्त्रं नेमून दिली. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जळालं. आता पैसे मोजून पुन्हा तेच विचारायला जायचं?

आरसा आमच्या खोलीतही आहे. उजेड कुठं पडतो ते आम्ही बघू. रंग आम्हीच निवडू.