सीमेवरची रुची आणि अबकारी

ब्रिटनमधील काही ग्राहकांनी 1971 साली एक आगळी चळवळ उभारली. पिंपातच मुरत राहणारी जुन्या धर्तीची 'एल' टिकावी, कारखान्यातील गाळीव आणि वायू भरलेल्या बिअरने तिची जागा घेऊ नये, एवढेच तिचे उद्दिष्ट. लागर सरस की कडवट 'बिटर' सरस, यावर तेथे आजही हिरिरीने वाद होतात. आमच्या शेजारच्या बेळगाव-निपाणी भागात असा वाद संभवत नाही. तेथे मिळणारी बिअर जवळजवळ सगळी लागरच. विचारले जाते ते 'स्ट्राँग की माइल्ड?' एवढेच, आणि उत्तरही बहुधा ठरलेले. तेवढ्याच पैशांत अधिक नशा मिळत असेल, तर सौम्य बिअर मागणार कोण?

या निवडीला रुची म्हणण्यास आम्ही तयार नाही. ती अबकारी खात्याने लावलेली सवय आहे. राज्यघटनेने मद्य हा विषय राज्यांकडे सोपविल्यामुळे चोर्ला घाटाखाली एक भाव, घाटावर दुसरा आणि निपाणी मागे टाकून कागल गाठले की तिसरा. कर्नाटकाने जुलै 2023 च्या अर्थसंकल्पात बिअरवरील अतिरिक्त अबकारी 175 वरून 185 टक्क्यांवर नेली. महाराष्ट्राने 2025 साली विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले. मग गोव्यातून घाटवाटांनी चोरून काय जाते, हे सांगावयास ज्योतिषी नको. त्यात इकडच्या काही विक्रेत्यांचे हित गुंतले आहे, हे गोमंतकीयांनी मोकळेपणी मान्य करावे. आणि जाते ती प्रामुख्याने फेणी नव्हे. कोठेही बनू शकेल अशी स्वस्त व्हिस्की!

वास्तविक या मुलखाची स्वतःची अशी चव आहे. आमच्या सत्तरीत काजूच्या बोंडूंचा रस आंबवून, पहिल्या उकळीत सौम्य हुर्राक आणि पुढच्या उकळीत सुमारे 42 टक्के मद्यांशाची फेणी काढली जाते. काजूफेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन लाभले. घाटावर खानापूर तालुक्यातही काजू पिकतो. परंतु बी काढून घेतली की बोंडू बहुतांशी झाडाखालीच कुजतात. कर्नाटकाने 1 जुलै 2007 पासून अर्कावर बंदी घातली. गरिबांचे संसार सावरावेत, हा हेतू स्तुत्यच. पण पिणारा मजूर थांबला नाही. तो कारखान्याच्या सर्वांत स्वस्त पाकिटाकडे वळला. संसार तसाच राहिला, आणि बोंडूही कुजतच राहिले.

कर बाटलीच्या किमतीवर न बसविता मद्यांशावर बसवावा आणि खानापूरच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थांना हंगामापुरता, हुर्राकसारखे सौम्य पेय काढण्याचा परवाना द्यावा, अशी आमची कर्नाटक सरकारला सूचना आहे. फेणी हे नाव गोव्याकडेच राहील, त्याबद्दल तडजोड नको. भट्ट्यांची तपासणी आणि मद्यांशाची मोजणी अबकारी खात्याने जागेवर करावी. निर्णय मात्र जानेवारीअखेर झाला पाहिजे. त्यानंतर बोंडू पिकू लागतात.