निदान आधी, सुटे भाग मागाहून

शेतकऱ्याच्या दारातील मोटार ही आता केवळ लग्नकार्यापुरती राहिलेली नाही. टोमॅटोचे क्रेट, खताच्या गोण्या, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावयाचा रोगी, असा सारा भार ती वाहते. अशी गाडी उभ्या जागी चालू असता थरथरू लागली म्हणजे बहुधा एकच प्रकार घडतो. मिस्त्री एक भाग बदलतो. आठ दिवसांनी दुसरा बदलतो. पैसे जातात आणि थरथर मात्र राहते. ही रीत मोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. बैल लंगडू लागला तर जाणता शेतकरी चारही पायांचे नाल बदलीत बसत नाही. कोणता पाय दुखतो, हे तो आधी पाहतो.

येथे पेट्रोलवर किंवा सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचाच विचार केला आहे. चार सिलिंडरांचे इंजिन उभ्या जागी मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटास ४०० वेळा इंधन पेटते. एकाने काम सोडले की साऱ्या इंजिनाची लय मोडते. वेग वाढला म्हणजे जड फ्लायव्हीलचा झोक ही उणीव झाकून टाकतो. म्हणून दोष संथ चालीतच उघडा पडतो. तीन सिलिंडरांची लहान इंजिने मुळातच थोडी अधिक हलतात. तेव्हा तुलना करावयाची ती आपलीच गाडी पूर्वी कशी चालत होती याच्याशी, शेजाऱ्याच्या गाडीशी नव्हे.

प्रथम सायलेन्सरचा आवाज ऐकावा. तो एकसारखा असून स्टिअरिंग व आसने तेवढी थरथरत असतील, तर इंजिन ज्या रबरी आधारांवर बसविलेले असते आणि ज्यांना मिस्त्री मंडळी फाउंडेशन म्हणतात, ते तपासावेत. तेल गळून रबर फुगते, पिचते आणि हादरा थेट सांगाड्यात उतरतो. परंतु आवाज मधूनमधून अडखळत असेल, तर ते मिसिंग होय. अशा वेळी नवे फाउंडेशन बसविल्याने दोष जात नाही. फार तर काही दिवस तो जाणवत नाही.

मिसिंग करणारा सिलिंडर हुडकण्यासाठी पूर्वी चालू इंजिनाच्या प्लगची एकेक वायर काढून पाहत. नव्या गाड्यांत हे करू नये. विजेचा दाब फार मोठा असतो व नाजूक उपकरणेही बिघडतात. त्याऐवजी स्कॅनर लावावा. पी ०३०१ असा संकेत आला तर पहिल्या, पी ०३०२ आला तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे, असे समजावे. मात्र हा क्रमांक लंगडा पाय दाखवितो, पायातला काटा दाखवीत नाही. तो पाहून तत्काळ नवी कॉइल मागविणे हीही घाईच होय. ज्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते तेथे इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवावी. दोष तिच्याबरोबर गेला तर कॉइल खराब. जागच्या जागी राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करावी. या परीक्षेला एकही नवा भाग लागत नाही.

गाडी कडब्याच्या किंवा धान्याच्या आडोशाला उभी राहत असेल, तर उंदरांचा विसर पडू देऊ नये. ते वायरी कुरतडतात, रबरी नळ्याही कुरतडतात. फुटक्या नळीतून जादा हवा शिरली की उभी गाडी थरथरते आणि ॲक्सिलरेटर दाबताच पुष्कळशी सावरते. सीएनजीची गाडी गॅसवर अडखळून पेट्रोलवर नीट चालत असेल, तर आधी प्लग पाहावेत. गॅस पेटविण्यास ठिणगी अधिक जोरकस लागते. हे सर्व ठीक निघाले, तरच कॉम्प्रेशन मोजून इंजिनाच्या पोटातील दोषाकडे वळावे.

आता दोष केवळ मिस्त्रीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. तासभर तपासणी करून त्याने पंधरा मिनिटांत दुरुस्ती केली, तर आपण म्हणतो, "नुसते पाहण्याचे कसले पैसे?" मग त्याने पोट भरावे ते सुटे भाग विकूनच. तपासणीची मजुरी आपण वेगळी ठरवावी व आनंदाने द्यावी. त्याबरोबरच दोष कशावरून ठरविला हे विचारावे आणि काढलेला जुना भाग पाहावयास मागावा. नव्या कॉइलींचा पूर्ण संच घेण्यापेक्षा ही मजुरी बहुधा स्वस्तच पडते.

थरथर लपविण्यासाठी स्लो वाढवून घेणे, हे मात्र कदापि करू नये. न जळलेले इंधन पुढे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. तो महागडा भाग तापून वितळू लागतो. समोरच्या फळीवरील इंजिनाचा दिवा उघडझाप करू लागला, तर गाडी तशीच पुढे रेटू नये. रस्त्याच्या कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे; आणि उसाचे पाचट किंवा वाळके गवत पसरलेले असेल अशा जागी ती चुकूनही उभी करू नये.