खोक्याची करामत आणि आजीची बेगमी

दर रविवारी आपल्या वर्गाला येताना टर्नपाइकवरून नेवार्क बंदर दिसते. एकावर एक रचलेले कंटेनर माझा धाकटा भाऊ मोजू लागतो. एकदा बाबा म्हणाले, "या खोक्याचा पहिला प्रवास इथूनच सुरू झाला बरं का!"

खरेच आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. कल्पना माल्कम मॅक्लीन या ट्रकमालकाची. सुटा माल जहाजात चढवायला टनामागे साडेपाच डॉलरच्या वर खर्च येई, तो सुमारे १६ सेंटांवर आला. पुढे खोक्यांची मापे जगभर ठरली, म्हणून इथले खोके न्हावाशेवाची क्रेनही उचलते. १९७४ साली ओहायोतील ट्रॉय गावी आजचा बारकोड वाचून पहिली वस्तू विकली गेली, ती म्हणजे च्युइंगमचे पाकीट! त्याला जोड मिळाली जपानच्या टोयोटाच्या पद्धतीची: लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढेच मागवा, कोठार भरून पैसा अडकवू नका.

या युक्त्यांच्या जोरावर मोठ्या कंपन्या अनेक देशांतले कारखाने एका घरासारखे चालवतात. वस्तू स्वस्त होतात, हे मला मान्य आहे. पण कंपनीचे कोठार रिकामे झाले, म्हणजे ओझे नाहीसे होत नाही. ते दुसऱ्याच्या दारात जाऊन पडते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे दुकाने बंद झाली, तेव्हा अनेक पाश्चात्त्य कंपन्यांनी बांगलादेशात दिलेल्या कपड्यांच्या ऑर्डरी रद्द केल्या. काही कपडे तर शिवून तयार होते! ते शिवणाऱ्या कितीतरी बायकांना घरी बसावे लागले.

दुसरा मार्ग आहे, आणि तो टोयोटानेच दाखवला. ११ मार्च २०११ च्या भूकंपात सुट्या भागांचा पुरवठा तुटला. त्यानंतर टोयोटाने पुरवठादारांना काही महिने पुरतील एवढ्या चिप साठवायला सांगितल्या आणि त्या खर्चाचा काही भार स्वतः सोसला. २०२१ च्या सुरुवातीला चिपअभावी इतरांचे कारखाने अडले, तेव्हा टोयोटाचे काम बरेचसे चालू राहिले. त्याच वर्षी पुढे तिलाही उत्पादन कमी करावे लागले, पण मधल्या काळात सवड तर मिळाली!

माझी आजी उन्हाळ्यात पापड-कुरडया करून पावसाळ्याची बेगमी करायची. तिला कोणी मागासलेली म्हटले नाही. मग कंपन्यांना बेगमीची लाज का वाटावी? त्यांनी थोडा साठा ठेवावा आणि मागवलेल्या मालाचे पैसे संकटातही चुकते करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुम्हाला काय वाटते? पुढच्या अंकासाठी जरूर लिहा.