बॅग मिळते, कागद मिळत नाही : कर्जत-खालापूरच्या पोरांची ‘मेडिकल लाइन’

कर्जत/खालापूर : सकाळची खोपोली लोकल कर्जतला आली की इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि पायाशी काळी बॅग असे दोन-चार तरुण डब्यात दिसतातच. ही एमआर पोरं, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. कुणी कल्याण-डोंबिवलीकडे जातो, कुणी बाइक काढून चौकमार्गे पनवेल गाठतो. गावात विचारलं तर घरचे अभिमानाने सांगतात, “पोरगा मेडिकल लाइनला लागलाय.”

लागलाय हे खरं. पण कुठल्या कंपनीत, कुठल्या हुद्द्यावर, किती पगारावर, आणि हे सगळं कुठे लिहून दिलंय का, असं विचारलं की बऱ्याच घरात गप्पच बसतात. ही लाइन वाईट नाही. फक्त तिच्यात शिरताना कोणता कागद हातात घ्यायचा, हे आपल्याकडे पोरांना कुणी सांगत नाही.

कारखान्याचं दार अरुंद झालं

मागच्या पिढीत खालापूर पट्ट्यात नोकरी म्हणजे कारखाना. खोपोली, रसायनी, पाताळगंगा. जमीन गेली तरी घरातला एक माणूस गेटच्या आत असायचा. आता कायम नोकरी कमी आणि ठेकेदाराकडची हजेरी जास्त, असं चित्र आहे. रसायनीचा हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा कारखाना बंद करायला केंद्र सरकारने २०१७ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा त्या पिढीचा उरलासुरला भरवसाही गेला.

दुसरीकडे शिक्षण वाढलं. कर्जतला कोकण ज्ञानपीठचं फार्मसी कॉलेज आहे, भिवपुरीकडे तासगावकर संस्थेचं आहे, खोपोलीत केएमसी कॉलेज आहे. बी.एस्सी., बी.फार्म. झालेली पोरं-पोरी दरवर्षी बाहेर पडतात. गावाजवळ तेवढ्या जागा नाहीत. मग मोबाइलवर जाहिरात येते : “एमआर पाहिजेत, फ्रेशर चालेल, बाइक आवश्यक.”

बॅगेचं काम बदलतंय

एमआरचं काम सोपं वाटतं. दिवसाला दहा-बारा डॉक्टरांना भेटायचं, औषधाची माहिती द्यायची, मेडिकल स्टोअरमध्ये माल आहे का ते बघायचं, रात्री मोबाइलवर रिपोर्ट भरायचा. खरा ताण असतो टार्गेटचा. महिनाअखेरीला आकडा भरला नाही की वरचा साहेब स्टॉकिस्टकडे जास्तीचा माल उतरवायला सांगतो. तो माल खपला नाही तर परत येतो आणि पुढच्या महिन्याच्या टार्गेटमध्ये खड्डा पडतो.

त्यात सरकारी नियम कडक होत चाललेत. केंद्राच्या औषध विभागाने १२ मार्च २०२४ ला औषधांच्या मार्केटिंगसाठी आचारसंहिता काढली. डॉक्टरला भेटवस्तू नाही, सहलीचं तिकीट नाही, हॉटेलचा खर्च नाही. पेन-डायरीसारखी आठवण वस्तू द्यायची तर तिची किंमत १,००० रुपयांच्या आत पाहिजे. एमआरने डॉक्टरची भेट मिळवायला पैसे किंवा आमिष द्यायचं नाही, आणि त्याच्या वागण्याला कंपनी जबाबदार. उपकरणं विकणाऱ्यांसाठीही अशीच संहिता सप्टेंबर २०२४ मध्ये आली. पुढे मे २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या रुग्णालयांत एमआरनी डॉक्टरांना भेटायचं नाही, माहिती ई-मेलने पाठवायची, असा आदेश निघाला.

रुग्णाच्या बाजूने हे बरंच झालं. पण पोरांनी यातून एक समजून घ्यावं. गोड बोलून आणि वस्तू देऊन चालणारी एमआरगिरी आता टिकणार नाही. औषध काय करतं, कुणाला देऊ नये, हे ज्याला सांगता येतं त्याचाच निभाव लागेल. साहेब तोंडी म्हणाला म्हणून पाकीट पोहोचवू नका. उद्या अंगाशी आलं तर तो तोंडी शब्द कुठेच सापडणार नाही.

उपकरणांची बाजू वाढतेय

औषधापेक्षा उपकरणांचा धंदा वेगळा. ईसीजी मशीन, दाताची खुर्ची, लॅबमधलं रक्त तपासायचं यंत्र, ऑटोक्लेव्ह, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, मोडलेल्या हाडात बसवायची प्लेट-स्क्रू, हे सगळं यात येतं. केंद्राने २०२३ मध्ये वैद्यकीय उपकरणांचं राष्ट्रीय धोरण मंजूर केलं. देशातली ही बाजारपेठ २०२० मध्ये साधारण ९०,००० कोटी रुपयांची धरली होती, ती काही वर्षांत चार-पाच पट करायचं उद्दिष्ट आहे. मोठ्या घोषणा किती खऱ्या होतात ते दिसेलच. पण नेरळ, कर्जत, खोपोलीतल्या छोट्या दवाखान्यांतही यंत्रं वाढलीत, हे कुणालाही दिसतंय.

यंत्र आलं की ते पोहोचवणारा, बसवणारा, नर्सला शिकवणारा आणि बिघडलं तर धावून येणारा माणूस लागतो. सरकारी दवाखान्यांसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानातून उपकरणं देखभालीचा कार्यक्रम २०१५ पासून आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातली यंत्रं ८० टक्के वेळ, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० टक्के आणि जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के वेळ चालू राहिली पाहिजेत, असं ठरलेलं आहे. हे पाळायचं तर नेरळ किंवा वावोशीच्या आरोग्य केंद्रापर्यंत स्क्रू-ड्रायव्हर आणि मीटर घेऊन कुणीतरी गेलंच पाहिजे. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स झालेला, मुंबई-पुण्याहून यायला कंटाळणार नाही असा स्थानिक पोरगा या कामाला जास्त बरा.

एक्स्प्रेस-वेवर अपघात झाला की जखमींना पनवेल-कामोठ्याकडे नेतात, हे खालापूरकरांना सांगायला नको. रात्री दोन वाजता पाय जोडायचं ऑपरेशन असेल तर प्लेट-स्क्रूचा सेट बऱ्याचदा हॉस्पिटलच्या कपाटात नसतो, डीलरचा माणूस घेऊन येतो. कोणत्या मापाची प्लेट, कोणतं अवजार, हे त्याला पाठ असतं. कधीकधी तो ऑपरेशन थिएटरमध्येही उभा असतो. तिथे हाड दाखवणारं सी-आर्म नावाचं एक्स-रे यंत्र चालू असतं, म्हणून शिशाचा ॲप्रन आणि किरणं मोजणारा बॅज मागायलाच हवा. ‘पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणून तसंच उभं राहायचं नाही.

बारावीवाल्यासाठी एक दार

आता मुद्द्याचं. वैद्यकीय उपकरणांवर २०१७ चे नियम लागू आहेत. ३० सप्टेंबर २०२२ ला त्यात दुरुस्ती झाली. ज्याच्याकडे औषध विक्रीचा परवाना नाही आणि ज्याला फक्त उपकरणं विकायची किंवा साठवायची आहेत, त्याला अन्न व औषध प्रशासनाकडे एमडी-४१ नमुन्यात अर्ज करून एमडी-४२ चं नोंदणी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यासाठी दुकानात जाणकार माणूस दाखवावा लागतो. तो पदवीधर असावा, नाहीतर नोंदणीकृत फार्मासिस्ट असावा. आणि तिसरा पर्याय : बारावी पास आणि उपकरणं विक्रीचा एक वर्षाचा अनुभव.

हा तिसरा पर्याय आपल्या दोन तालुक्यांसाठी मोठा आहे. घरच्या अडचणीमुळे बारावीनंतर शिक्षण सुटलेली पोरं पनवेल, कल्याणच्या सर्जिकल दुकानात, डीलरकडे कामाला जातात. सेट पोहोचवतात, बिलं बनवतात, मालाची तारीख बघतात. वर्षभरात कायद्याला मान्य असलेला अनुभव त्यांच्या गाठीला जमा होतो. पुढे स्वतःचं छोटं दुकान काढायचं किंवा दुसऱ्याकडे जबाबदार माणूस म्हणून राहायचं, तर तोच अनुभव उपयोगी.

पण तो दाखवायचा कसा? नेमणूक पत्र नाही. पगार रोख. पगाराची स्लिप नाही, पीएफ नाही. दोन वर्षं राबून पोरगा बाहेर पडतो तेव्हा कागदावर तो तिथे कधी नव्हताच. मालकाचे वाचतात थोडे पैसे, पोराचं जातं ते आयुष्यभर चालणारं प्रमाणपत्र.

कायदा काय म्हणतो

एमआरसाठी १९७६ पासून वेगळा कायदा होता. नेमणूक पत्र, रजा, सेवाशर्ती त्यात होत्या. २०११ मध्ये सर्जिकल उपकरणं, कृत्रिम अवयव आणि डायग्नोस्टिक्सचे विक्री कर्मचारीही त्यात आले. आता तो कायदा नव्या कामगार संहितांमध्ये सामावलाय. या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यानुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूक पत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे ‘आमच्याकडे पत्र द्यायची पद्धत नाही’ हे उत्तर चालत नाही.

अजून एक बारीक गोष्ट. नव्या संहितेत ‘कामगार’ या व्याख्येत विक्री प्रतिनिधी आहेत, व्यवस्थापक नाहीत. म्हणून पहिल्याच नोकरीत नावापुढे ‘एरिया मॅनेजर’ लागलं म्हणून पेढे वाटू नका. हाताखाली माणूस नाही, सही करायचा अधिकार नाही, मग मॅनेजर कसला? भांडणाची वेळ आली तर हेच नाव आडवं घातलं जातं.

हेडक्वार्टर कुठलं लिहिलंय?

पगाराचा आकडा सगळे विचारतात, हा प्रश्न कुणी विचारत नाही. समजा कर्जतजवळच्या गावातल्या पोराला १८,००० रुपये सांगितले आणि काम पनवेलला. जाऊन-येऊन, फिरून दिवसाला ८० किलोमीटर होतात. बाइकने लिटरला ४५ दिले आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर दिवसाचे १८५, महिन्याच्या २५ दिवसांचे ४,६०० रुपयांच्या वर. चहा-जेवणाचे दिवसाला १०० धरले तर आणखी २,५००. हातात राहिले ११,००० च्या आत. बाइकचा हप्ता, सर्व्हिसिंग अजून बाकीच.

पत्रावर हेडक्वार्टर ‘कर्जत’ असेल तर पनवेल हे बाहेरगाव, म्हणजे एक्स-स्टेशन धरून त्याचा प्रवासभत्ता मिळायला हवा. हेडक्वार्टर ‘पनवेल’ लिहिलं तर कर्जत ते पनवेल हा तुमचा घरगुती खर्च. एका शब्दात चार-साडेचार हजारांचा फरक पडतो. पनवेल-कर्जत नवीन रेल्वेमार्ग लोकलसाठी खुला झाला की हा खर्च बराच हलका होईल. तोवर गणित बाइकचंच.

मुलींच्या बाबतीत वेळेचा प्रश्न आहे. डॉक्टरांची संध्याकाळची ओपीडी रात्री नऊपर्यंत चालते. कर्जतला उतरून पुढे खोपोलीची गाडी किंवा गावची रिक्षा मिळायची मारामार. सकाळच्या हॉस्पिटल भेटी, लॅबचं काम, उपकरणांचं प्रशिक्षण देण्याचं काम मागून घेता येतं. ते मुलाखतीतच बोलून घ्यावं, नंतर नाही.

नोकरी की उधारीचा धंदा?

काही जाहिराती नोकरीच्या नसतातच. ‘पीसीडी’ किंवा फ्रँचायझी म्हणजे कंपनीकडून माल स्वतःच्या पैशाने उचलायचा आणि आपल्या भागात विकायचा. धंदा म्हणून यात काही गैर नाही. पण त्याला औषध परवाना लागतो, भांडवल लागतं, आणि न खपलेला माल आपल्या गळ्यात. बापाने भाताचे आलेले पैसे किंवा जमिनीचे राहिलेले पैसे ‘नोकरीसाठी’ म्हणून यात घातले की पोरगा कर्मचारी राहत नाही, गिऱ्हाईक होतो.

त्याहून वाईट म्हणजे रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, बॅगेचं डिपॉझिट मागणारे फोन. नोकरी देणारा पगार देतो, घेत नाही. इतकं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुष्कळ वाचेल.

मुलाखतीआधी आणि नंतर

– कंपनीचं पूर्ण नाव, जीएसटी क्रमांक मागा. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो फुकट तपासता येतो.

– पगार कंपनी देणार की मधला ठेकेदार, हे विचारा. पत्रावर ज्याचं नाव तोच तुमचा मालक.

– पत्रात हुद्दा, पगार, हेडक्वार्टर, प्रवासभत्ता आणि प्रोबेशनचा काळ लिहिलेला असावा.

– मूळ मार्कशीट, कोरा चेक देऊ नका. झेरॉक्स द्या, त्यावर कशासाठी दिली ते लिहा.

– पीएफ कापला जात असेल तर यूएएन नंबर घ्या आणि दोन महिन्यांनी उमंग ॲपवर पैसे जमा झाले का बघा.

– सॅम्पल आणि डेमोची यंत्रं सही करून घ्या, सही घेऊनच परत करा. हिशेब चुकला तर पगारातून कापतात.

– सोडताना अनुभव प्रमाणपत्र घेतल्याशिवाय बॅग परत देऊ नका असं नाही, बॅग तर द्यावीच लागते. पण ती दिल्याची पोच आणि प्रमाणपत्राचा लेखी अर्ज, दोन्हीची प्रत जवळ ठेवा.

– ऑनलाइन पैसे भरून फसला असाल तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे थांबवायची शक्यता कमी.

कॉलेजांनाही यात काम आहे. कॅम्पसमध्ये येणाऱ्या कंपनीकडून नेमणूक पत्राचा नमुना आधी मागवायला काही खर्च येत नाही. ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोकरीची जाहिरात टाकण्याआधी कंपनीचं नाव तपासायला पाच मिनिटं पुरतात. आणि पोरगा पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आला की घरच्यांनी तोंड गोड करावंच, पण त्याचवेळी विचारावं, “पत्र कुठाय? दाखव बघू.”