उत्तर द्यायला भरती लागत नाही

मनोरुग्णालयाचा विषय निघाला की 'काय करणार, स्टाफच कमी' हे पालुपद ठरलेलं. या आठवड्यातही ते ऐकून झालं. पदं भरलीच पाहिजेत, वाद नाही. पण रुग्णाशी कसं बोललं जातं याचं खापर रिकाम्या खुर्च्यांवर फोडता येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझनहान यांनी 1973 साली 'सायन्स' या नियतकालिकात छापलेले आकडे बघा. रुग्ण म्हणून दाखल झालेली धडधाकट माणसं अदबीने विचारत, 'डॉक्टर, आवारात फिरायची परवानगी कधी मिळेल?' 71 टक्के वेळा मानसोपचारतज्ज्ञ मान फिरवून पुढे गेले, थांबून बोलले ते 4 टक्के वेळा. परिचारिका आणि कक्षसेवकांनी 88 टक्के वेळा मान फिरवली. कुणी उलट 'आज कसं वाटतंय?' विचारून उत्तर न ऐकताच चालू लागे. स्टॅनफर्ड विद्यापीठात मात्र एका तरुणीने लगबगीने चाललेल्या प्राध्यापकांना हटकलं, तर झाडून सगळे थांबले. घाई दोन्हीकडे होती. फरक पडला तो विचारणारं माणूस कोण, याने. आणि 'कसं वाटतंय?' म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात 'सोमवारी सांगतो' म्हणून होतं.

पत्रकार सुझाना कहालन यांनी 2019 च्या पुस्तकात रोझनहान यांच्या प्रयोगावरच संशय घेतला, हे खरं. मग तो बाजूला ठेवा आणि आपला 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचा. रुग्णाचं डोकं सक्तीने भादरू नये, गणवेशाची बळजबरी करू नये, असं कलम 20 सांगतं. जे कुठे घडतच नाही, त्याला मनाई करत संसद बसत नाही. 'रुग्ण अंगावर येतात' हा दुसरा आक्षेप. कधी येतातही, पण त्यासाठी कलम 97 मध्ये नियम आहेत, आणि परवानगी विचारणारा काही अंगावर आलेला नसतो. नातेवाईकांचंही बघा. मुंबईतल्या मनोरीहून ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात भेटीला जायचं तर बोटीने मार्वे, मग मालाड, मग दादरला गाडी बदलायची. दर आठवड्याला कोण जाणार? अशा वेळी रुग्णाला कक्षसेवक हाच नातेवाईक. मनोरीच्या समुद्राचं रोज 20 कोटी लिटर पाणी गोडं करायची योजना मुंबई महापालिका आखते. वॉर्डातली दोन वाक्यं गोड करायला तर निविदाही लागत नाही. सुरुवात डॉक्टरांनी राऊंडला थांबून करावी, साहेब थांबले की वॉर्ड थांबतो. आणि तुमचं माणूस आत असेल, तर पुढच्या भेटीत गोळ्यांबरोबर हेही विचारा: तू काही विचारलंस तर उत्तर मिळतं का?