अडलेला बोल्ट, अडलेला शेतकरी

पावसाने उघडीप दिली आहे. कपाशीवर तुडतुडे चढले आहेत. औषध आणून ठेवले, गडी सांगून ठेवला, आणि पाठीवरचा पेट्रोल पंप दोरी ओढून ओढून सुरू होत नाही. सायलेंसर काजळीने बुजला असेल म्हणून खोलायला घ्यावा तर बोल्ट जागचा हलत नाही. आणखी जोर लावावा तर बोल्टचे डोके गोल होते आणि पाना नुसता फिरतो. उघडीप दोन दिवसांची. त्यातला एक दिवस तालुक्याला जाण्यात आणि दुसरा मिस्त्रीच्या दारात बसण्यात जातो. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस.

जिरायती शेतकऱ्याचा हंगाम असा दिवसांवर मोजलेला असतो. ज्वारी पोटरीत आली असताना शेततळ्यातले एक पाणी देता आले तर कणीस भरते. आठ दिवसांनी दिलेले तेच पाणी त्या कामाचे राहत नाही. अशा वेळी डिझेल इंजिन उभे राहिले तर ते दुरुस्तीच्या बिलापेक्षा कितीतरी महाग पडते. बिल दिसते, गेलेला दिवस कोणी लिहून ठेवत नाही.

पुष्कळदा इंजिनाला मोठा आजार नसतोच. कार्बोरेटरमध्ये कचरा, प्लगवर काजळी, फाटलेले गॅस्केट. काम अर्ध्या तासाचे. पण तिथवर पोचू देत नाही तो चार-दोन रुपयांचा बोल्ट. मग छिन्नी येते, घण येतो, पान्याला पाइप लावून दोघे लोंबकळतात. बोल्ट आत तुटतो आणि अर्ध्या तासाचे काम लेथवाल्याकडे जाते. अडला हरी म्हणतात तो हाच. आमचे म्हणणे असे की जाम बोल्ट जोराने नव्हे, रीतीने सुटतो, आणि ही रीत शिकायला कारखान्यात जावे लागत नाही.

बोल्ट जाम का होतो ते आधी समजून घेऊ. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांत गंज धरला की बोल्ट पाचरीसारखा आवळतो. फवारणीच्या इंजिनात बोल्ट पोलादाचा आणि धड अ‍ॅल्युमिनियमचे असते. या दोन धातूंच्या फटीत औषधाचे, खताचे पाणी शिरले की गंज आणखी लवकर धरतो. त्यात हंगाम संपला की पंप न धुता कोपऱ्यात पडतो तो थेट पुढच्या पावसाळ्यात बाहेर निघतो.

खोलण्याआधी टाकी रिकामी करून यंत्र साबणाने धुवावे आणि हातमोजे घालावेत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, हे आपण विसरलेलो नाही. विष बाटलीत असते तसेच बोल्टभोवतीच्या चिकट थरातही असते. आटे गेलेला बोल्ट तसाच ढिला ठेवून टाकी पाठीवर घेणे हेही तितकेच वाईट. ती गळते आणि सदरा भिजतो.

पहिली गोष्ट पान्याची. डोके गोल होते ते बहुधा चुकीच्या पान्याने. जुन्या घडणीच्या कित्येक डिझेल इंजिनांचे नटबोल्ट इंचाच्या मापाचे आहेत, आणि बाजारात मिळतात ते पाने मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो, पण ढिला बसतो आणि कोपरे खातो. फिक्स पान्यापेक्षा रिंग पाना बरा, आणि जाम बोल्टला सहाकोनी गोटी पाना सगळ्यांत चांगला. बाराकोनी गोटी कोपऱ्यावरून घसरते. स्क्रू पाना तर या कामाला हातातच धरू नये.

दुसरी गोष्ट धीराची. तारेच्या ब्रशने बोल्टभोवतीची घाण काढावी. गंज सोडवणारे तेल, नाहीतर डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून आट्यांच्या तोंडाशी सोडावे. बोल्टच्या डोक्यावर सरळ, बेताचे दहा-वीस ठोके द्यावेत. गंजाला तडे जातात आणि तेल आत उतरते. संध्याकाळी तेल सोडून सकाळी पाना लावावा. आधी किंचित आवळण्याच्या बाजूला, मग सोडण्याच्या बाजूला. हलला की एकदम काढू नये, पुढेमागे करीत, तेल देत काढावा. एक लक्षात ठेवा. काही नट उलट्या आट्याचे असतात. गवत कापण्याच्या यंत्राच्या पात्याचा नट बहुधा तसाच असतो. तो सोडण्याच्या भरात आपण आवळत बसतो.

एवढ्याने न सुटल्यास आच द्यावी. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते, म्हणून बोल्टला नव्हे, भोवतालच्या धडाला शेक द्यावा. पण पेट्रोलची टाकी आणि नळी उतरवून, तेल पुसून, उघड्यावर. कापूस भरलेल्या घरात किंवा कडब्याच्या गंजीजवळ हे काम करणाऱ्याचा बोल्ट सुटेल आणि वर्षाची कमाई जळेल.

डोके गोलच झाले असेल तर कानशीने दोन बाजू सपाट करून ग्रिप पक्कड आवळावी. स्टार स्क्रूची खाच गेली असेल तर हॅक्सॉ ब्लेडने नवी चीर पाडावी, किंवा ठोकताच फिरणारा इम्पॅक्ट पेचकस लावावा. स्टड काढायचा तर त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून खालचा नट सोडण्याच्या बाजूला फिरवावा. बोल्ट आत तुटलाच तर बाहेर उरलेल्या टोकावर नट ठेवून वेल्डिंग करून घ्यावे. त्या उष्णतेनेच अर्धे काम होते. काहीच उरले नसेल तर बरोबर मध्यावर पंच मारून बारीक भोक पाडावे आणि इझी-आउट लावावा. मात्र इझी-आउट आत तुटला तर त्याचे कडक पोलाद साध्या ड्रिलला दाद देत नाही. हात स्थिर नसेल त्याने इथे थांबून लेथवाल्याकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

बसवताना केलेली काळजी पुढच्या वर्षी कामी येते. आटे साफ करून त्यांना ग्रीसचे बोट लावावे. पहिले चार फेरे हातानेच द्यावेत. ६ मिलिमीटरच्या बोल्टला वीतभर पान्यावर पाच किलो वजनाएवढा जोर पुरे होतो. त्यापुढे अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात.

दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आता सरकारदरबारीही पोचली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली त्यासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल उघडले आणि त्यात शेतीची यंत्रे घेतली. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्रांसाठी असा कायदाच केला. हे चांगलेच झाले. कंपन्यांनी माहितीपुस्तिका मराठीत द्यावी आणि सुटे भाग द्यावेत ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण कागदावरचा हक्क बोल्ट सोडवीत नाही. त्याला गावात पाना लागतो आणि पाना धरणारा हात लागतो.

म्हणून या बैठकीपुढे आमची सूचना अशी. प्रत्येक गावाने वर्गणीतून एक पेटी करावी. तीत मिलिमीटर आणि इंच अशा दोन्ही मापांच्या सहाकोनी गोट्या, रिंग पाने, एलन की, इम्पॅक्ट पेचकस, ग्रिप पक्कड, कानस, पंच, आणि ५, ६ व ८ मिलिमीटरचे टॅप असावेत. पेटी कोणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक असावे आणि नेणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचे काम शिकलेली पोरे बहुतेक गावांत आहेत. पेरणीआधी त्यांना एक दिवस बोलवावे, गावचे सगळे पंप बाहेर काढावेत आणि प्रत्येक बोल्ट एकदा सोडून, ग्रीस लावून पुन्हा बसवावा. त्या पोरांचा रोज मात्र चोख द्यावा. आपल्या घामाचे दाम मागणाऱ्यांनी दुसऱ्याचा घाम फुकट घेऊ नये.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, पाऊस आपल्या हातात नाही आणि बाजारभावासाठी तर भांडावेच लागते. पंपाचा बोल्ट तेवढा आपल्या हातात आहे. पेटीचा निर्णय याच बैठकीत करून उठू या.